स्टेशनाबाहेरच्या हापशावर

पोस्टात बढती मिळाली आणि बदली झाली हिंगोलीला. नवरा आणि दोन्ही मुलं नगरकडे गावीच राहिली. आठवड्याचे सहा दिवस कामात निघून जायचे. रविवार मात्र सरता सरायचा नाही. गावी चर्चची घंटा झाली की आमच्या आळीतल्या बायका एकदमच घराबाहेर पडतात. इथं मी भाड्याच्या खोलीत कॉटवर बसून मोबाइलवर तीच उपासना ऐकायची. शेवटी एकटीच 'आमेन' म्हणायची आणि स्वतःचाच आवाज ऐकून मला रडू यायचं.

एका रविवारी तिकिटाची चौकशी करायला स्टेशनवर गेले. बाहेर हापशापाशी एक म्हातारा गृहस्थ उकिडवा बसून एका फिरस्त्याच्या पायाची जखम धूत होता. त्याची बायको हापसा मारत होती. भिंतीच्या सावलीला आणखी पाच-सात जण बसले होते. ज्यांना घर नाही, असे. जखमेवर पट्टी झाली. मग नवराबायको उभे राहिले, माना खाली घातल्या आणि म्हातारा म्हणाला, "प्रभू येशू, आमच्या पंगतीला ये."

माझे पाय तिथंच थबकले.

"जय ख्रिस्त," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. "जय ख्रिस्त. मग उभ्या काहून? हापसा मारा, हिचे हात भरून आले."

काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे पूर्णेचे. काकू घरूनच पोहे आणि किटलीभर चहा आणायच्या. दर रविवारी दोघं येत. आता आम्ही तिघं झालो. आधी उभ्यानं प्रार्थना, मग नखं काढणं, केस कापणं, आंघोळीला पाणी उपसणं, शेवटी खाणं. काका एखादं गाणं भलत्याच सुरात धरायचे आणि काकू हसत हसत ते सावरून घ्यायच्या. मोबाइल पिशवीतून काढायचंही मी विसरून गेले.

भिंतीला टेकून एक बाई बसायची. साठीची असेल. चहा घ्यायची, पण अंगाला हात लावू द्यायची नाही. केसांच्या जटा झाल्या होत्या. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो, तेव्हा ती भिंत धरून उठली. माझ्यासारखाच पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

काकूंनी नंतर विचारलं, "बाई, तुमी काहून उठल्या?"

"तुमचा देव मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "पण तुमी समदे उभे राहता, अन् मी एकटीच बसून राहू का?"

त्या दिवशी तिनं मला केस धुऊ दिले. जटा सोडवायला तीन रविवार लागले. तेल लावून मी एकेक बट मोकळी करायची आणि ती डोळे मिटून बोलत राहायची. नवऱ्यानं टाकलं होतं. भाऊ डोंगरकडा गावाकडचा, मेंढरं पाळणारा. भावजयीशी भांडून ती रागात गाडीत बसली होती. किती वर्षं झाली, ते तिला सांगता येईना. मला ती 'पोस्टवाली लेक' म्हणायची.

नाताळाला मी गावी गेले. वर्षभर त्याच दिवसांची वाट पाहिली होती. नाताळानंतरच्या रविवारीही तिथंच राहिले. चर्च गच्च भरलं होतं, मुलगा मांडीवर रेलला होता, आणि मी मनसोक्त गायले.

परत आले तर भिंतीपाशी तिची जागा रिकामी. काकांनी डोंगरकड्याच्या बाजारात चौकशी केली होती; तिथून भावाचा पत्ता लागला आणि तिचा भाचा जीप घेऊन आला होता, नेमका मी नव्हते त्याच रविवारी.

"लई खोळंबवलं तिनं पोराला," काकू म्हणाल्या. "म्हणे, आज रविवार हाय, पोस्टवाली लेक येईल. दुपारपर्यंत गाडीत बसलीच न्हाई."

मी हापशाचा दांडा धरला आणि बादली भरून वाहायला लागली तरी मारत राहिले.

पुढच्या वर्षी काका-काकूंना त्यांच्या मुलानं नागपूरला नेलं. जायच्या आदल्या आठवड्यात काकू आणि मी एसटीनं डोंगरकड्याला गेलो. घर सापडलं, पण ती भावाबरोबर मेंढरांमागं लांबच्या रानात गेलेली. भावजयीनं आम्हाला दूध दिलं.

"बरी हाय का?" मी विचारलं.

"बरी? रोज चहावरून माझ्याशी भांडती. पाणचट म्हणती," भावजय म्हणाली, आणि तिला हसू आलं.

आम्ही शेवटच्या गाडीपर्यंत अंगणात बसलो. ती आली नाही.

आता माझीही बदली गावी झाली आहे. चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या बायकांत बसते. सगळं आहे. मागच्या महिन्यात महिलांच्या सभेत मी भीतभीतच बोलले: इथल्या स्टँडवर काही माणसं उघड्यावर झोपतात, रविवारी उपासना झाल्यावर कुणी माझ्याबरोबर याल का? मग मागच्या रांगेतली एक विधवा बाई उठली. तिच्याशी आजवर माझं दोन वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली. "पण मला त्यातलं काही येत नाही."

"मलाही येत नव्हतं," मी म्हणाले.