त्रेसष्ट जागा, साठ पाळ्या

माझी अक्का रुग्णालयात मेट्रन होती. माणसं कितीही कमी असोत, ती पाळ्या बसवतेच, असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बसवते कसलं डोंबल!

तीन वॉर्ड, दिवसाला तीन पाळ्या, पाळीला एक परिचारिका; आठवड्याच्या त्रेसष्ट जागा. परिचारिका दहा, आणि नियमाने प्रत्येकीला सहाच पाळ्या. म्हणजे साठ. मी शाळेत एकसामयिक समीकरणं शिकवतो. पोरांना पहिल्याच दिवशी बजावतो, आधी उत्तर आहे का बघा, मग शोधत बसा. इथे वॉर्डांकडून बेरीज केली तर त्रेसष्ट, परिचारिकांकडून केली तर साठ. एकाच तक्त्याच्या दोन बेरजा जुळत नसतील, तर खाडाखोड करून बोटं झिजली तरी तो भरत नाही.

अक्काचा मात्र भरायचा. उरलेल्या तीन चौकोनांत ती 'राखीव' लिहायची आणि ऑफिस सांभाळून त्या पाळ्या स्वतः करायची. जेवताना हातात घास धरून झोपायची. मी चिडलो की म्हणायची, पेशंटला बेरीज सांगू का? अधीक्षकांना सगळं माहीत होतं. फुकटात भागत होतं, ते कशाला तोंड उघडतील?

गुडघे गेले तेव्हा तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तिच्या जागी आलेल्या तरुण मुलीने सरळ अकरावी परिचारिका मागितली. अधीक्षकांनी तिच्यावरच अकार्यक्षमतेची चौकशी लावली आणि साक्षीला बोलावलं कोणाला, तर अक्काला. मला इतकी वर्षं जमत होतं, एवढंच तिने म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्या मुलीची नोकरी गेली असती.

मी तिला हाताला धरून नेलं. अधीक्षकांनी गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला कसं जमायचं हो?"

ज्या एका गोष्टीवर अक्काचं नाव झालं होतं, तीच तिला मोडायची होती.

"मला एकदाही जमलं नाही," ती म्हणाली. "ते जमण्यासारखंच नव्हतं, साहेब. तीन पाळ्या मी गुपचूप करत होते आणि तुम्ही बघत होतात."

ती मुलगी मेट्रन राहिली, अकरावी परिचारिकाही आली. अक्कावर खोट्या नोंदींचा ठपका ठेवला गेला, आणि तो ठेवणाऱ्या अधीक्षकांना बढती मिळाली. अक्का म्हणते, होऊ दे. मी नाही म्हणत.