संकासुराच्या डोळ्यांतलं पाणी

बाळांनो,

परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुम्हा दोघांचे डोळे मांजरासारखे पिवळे होते. पार्टीसाठी लेन्स आणल्या आणि एकच जोडी दोघांनी आलटून पालटून लावली, असं तुम्ही मजेने लिहिलंत. मी फोन पालथा ठेवला. आधी डॉक्टरांना डोळे दाखवून या, मग हे पुढे वाचा. तुमच्या आईबाबांनाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही.

लहानपणी मला देवी आल्या आणि उजव्या बुबुळावर फूल पडलं. पुढे शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मुलं फळ्याऐवजी त्या पांढऱ्या डोळ्याकडे बघत. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्याचं माप घेतलं, तीनदा बोलावलं, आणि डाव्या डोळ्याशी रंग मिळवून एक लेन्स बसवून दिली. तिने दिसत काही नसे, फूल तेवढं झाकलं जाई. हात साबणाने धुवायचे, लेन्स औषधाच्या पाण्यात ठेवायची, डोळा लाल झाला तर लावायची नाही. हे सगळं लिहून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, त्या काळी बोटीवर होते. ऐंशीच्या दशकातल्या एका शिमग्याला ते रजा घेऊन गुहागरजवळच्या आमच्या गावी आले. शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या खेळ्यांत संकासुराचं सोंग घ्यायचा मान आमच्या घराचा. काळा झगा, उंच टोपी, काळा मुखवटा, कमरेला घुंगरू. त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा बंदरातल्या नाटकाच्या सामानाच्या दुकानातून लेन्सची जोडी आणली होती. पांढऱ्याफटक, मधे टाचणीएवढं भोक.

"माप कुणी घेतलं?" मी विचारलं.

"माप कसलं वहिनी, चप्पल आहे का ती? तुमची फूल झाकायला, माझी लोकांची गाळण उडवायला. काच ती काचच."

"भावजी, डोळ्यांवर नोकरी आहे तुमची. महिन्याभरात बोटीच्या नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी आहे."

"एका दिवसात काय होतंय!"

गावकीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं, परदेशी वस्तू देवाच्या सोंगाला लावायची तर शुद्ध करून घ्यावी. त्यांनी लेन्स देवळाच्या विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. मी माझी औषधाची बाटली पुढे केली.

"हे पाणी कुठल्या देवाचं, मास्तरीणबाई?" एकाने विचारलं. सगळे हसले, दीरही.

एकदा चढवलेलं सोंग सगळी घरं फिरून देवळात परतल्याशिवाय उतरवायचं नाही, आणि तोवर संकासुराने बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

खेळे आमच्या अंगणात आले तेव्हा भर दुपार होती. दरवर्षी संकासुर दिसला की पोरं किंचाळत पळत. त्या दिवशी ती जागची हलली नाहीत, ओरडलीही नाहीत. मुखवट्याच्या भोकांत दोन पांढरे डोळे होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. मग मुखवट्याखालून पाणी ओघळायला लागलं. मानेवरून, झग्यात.

"देवाच्या डोळ्यांत पाणी आलं गो!" शेजारची म्हातारी म्हणाली. बायका पुढे सरसावल्या, नवस बोलायला लागल्या. एकीने ते पाणी पदराने टिपून आपल्या तान्ह्याच्या कपाळाला लावलं.

ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. लेन्स खुपली की माझ्याही डोळ्यातून तसंच येई. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "भावजी, काढा ते." टोपी वळली, पण माझ्याकडे नव्हे, मांडवाच्या खांबाकडे. मी त्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. घुंगरांचा ठेका मात्र चुकत नव्हता.

"मागे व्हा वहिनी," मृदंगवाला म्हणाला. "अजून निम्मी वाडी राहिली आहे."

मी मागे झाले.

देवळात मुखवटा उतरवला. डावी लेन्स निघाली, उजवी निघेना. ती दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काढली. "ही या डोळ्याच्या मापाची नव्हेच," ते म्हणाले, "आणि पाण्यातली घाण आत शिरली आहे." दोन महिन्यांनी दिरांच्या उजव्या बुबुळावर फूल पडलं, माझ्यासारखंच. बोटीच्या तपासणीला ते गेलेच नाहीत. माझ्यासारखी लेन्स करून घ्या म्हटलं, तर उठून बाहेर गेले. त्या दुपारचे दोन नवस फळले, असं गावात अजून सांगतात.

मी तेव्हा मागे झाले, ते माझं चुकलं.

त्यांचा डावा डोळा शाबूत आहे. त्याने ते रोज सकाळी पेपर वाचतात.