तीनच्या गाडीची बातमी

शेवंताबाई राठोड बसस्टँडवरच्या माझ्या पेपरच्या टपरीसमोर आल्या, कमरेवरची रिकामी घागर टेबलावर ठेवली आणि तीन दिवसांपूर्वीचा पेपर माझ्यापुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं.

“यात आमच्या तांड्याचं काय लिव्हलंय, ते वाच बरं मोठ्यानं.”

मी वाचलं. तांड्यावर नळयोजनेचे उद्घाटन उत्साहात संपन्न, घरोघरी पाणी पोहोचल्याने आनंदाचे वातावरण. वर बारीक अक्षरात ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं छापलेलं. तो वार्ताहर मीच.

“पाणी कुठं हाय? नळ नुसता कोरडा हाय. अन् कालपासून टँकर बी बंद. हापिसातला मनतो, पेपरात आलंय, तुमाला पाणी आलं.”

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावोगावचा वार्ताहर म्हणजे बिनपगारी पत्रकार. बहुतेक वेळा पेपरची एजन्सी त्याच्याकडेच असते, घर चालतं ते पेपर विकून, आणि बातम्या लिहायच्या त्या मानासाठी. फॅक्स आमच्या गावात नव्हता. बातमी पाकिटात घालायची आणि तीनच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. हिंगोलीच्या स्टँडवर ऑफिसचा माणूस ते पाकीट उचलायचा.

आता कार्यक्रम पाचचा आणि गाडी तीनची, तर काय करायचं? बातमी आधीच लिहायची. निमंत्रणपत्रिका समोर ठेवली की पाहुण्यांची नावं मिळत. बाकी ‘उत्साहात संपन्न’ हे ठरलेलंच. सगळे असंच करत होते आणि आमच्यापैकी कोणीही याला खोटं म्हणत नव्हतं. उद्घाटनाच्या रविवारी पाकीट दिल्यावर मी तांड्याकडे फिरकलोसुद्धा नाही. पुढाऱ्यानं फीत कापली, बटण दाबलं आणि नळातून थेंबही आला नाही, हे मला शेवंताबाईंकडूनच कळलं.

त्यांना घेऊन मी तहसीलला गेलो. क्लार्कनं फाइल उघडली. माझ्या बातमीचं कात्रण त्यात चिकटवलेलं होतं आणि त्याच्याच आधारानं टँकर बंद केल्याचा शेरा होता. मी सांगितलं, बातमी चुकीची आहे. तो म्हणाला, “मग तसं पेपरात छापून आणा.” त्याचं काही चुकलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एस.टी.डी. बूथवरून मी पेपरच्या जिल्हा कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. खुलासा छापा म्हटलं. खुलासा म्हणजे चूक कबूल करणारी चार ओळींची बातमी.

साहेब शांतपणे म्हणाले, “पुढच्या आठवड्यात त्याच पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची जाहिरात-पुरवणी आहे. आणि आपणच चुकलो म्हटलं तर लोक पेपरवर विश्वास ठेवतील का?”

“लोक घागर घेऊन टपरीवर आलेत, साहेब.”

“मग समजूत काढा त्यांची.”

“तुम्ही छापलं नाही तर मी फळ्यावर लिहीन.”

“लिहा. एजन्सी दुसऱ्याला देतो.”

माझ्या टपरीबाहेर एक फळा होता. पेपर खपावा म्हणून रोज सकाळी मी त्यावर खडूनं ठळक बातम्या लिहायचो. त्या दुपारी तो पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘तांड्यावर पाणी आलेलं नाही. सोमवारची बातमी चुकीची होती. ती मी कार्यक्रमाआधी, न बघता लिहिली.’ खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

तासाभरात गर्दी झाली. पुढाऱ्याचा एक माणूस आला, फळा ओल्या फडक्यानं पुसून गेला. मी त्याच्या देखतच पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तेव्हा तांड्याचे प्रमुख किसन नायक फळ्याला पाठ लावून उभे राहिले. त्यानंतर कोणी पुढे आलं नाही.

खरा पेच पुढे आला. तांड्याची मंडळी म्हणाली, आता लिही, नळाचं काम घेतलेल्या गुत्तेदारानं पैसा खाल्ला. मी म्हटलं, आधी विचारतो.

शेवंताबाई भडकल्या. “तू बी त्यांचाच झाला व्हय?”

“न बघता लिहिलं म्हणून तर तुमचा टँकर गेला, मावशी. आता पुन्हा न बघता लिहू?”

घागर टेबलावरच ठेवून त्या तांड्याकडे चालू लागल्या.

मी योजनेच्या इंजिनिअरला गाठलं. त्याचं म्हणणं, विहीर, पाइप, मोटार सगळं झालंय. वीजजोडणी मिळालेली नाही, आणि उद्घाटन थांबवा असं आपण सांगितलं होतं. त्याच्यावरही मी विश्वास ठेवला नाही. नायकांना घेऊन विहिरीवर गेलो. मोटार नवीकोरी होती, वायर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली, आणि विजेचा खांब कुठंच नव्हता.

“बराबर हाय त्याचं,” नायक म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं.

फळ्याच्या मधोमध मी रेघ मारली. डावीकडे तांड्याचं म्हणणं लिहिलं, उजवीकडे इंजिनिअरचं. तोच मजकूर कागदावर उतरवून नायकांनी सगळ्या तांड्याच्या सह्या-अंगठे घेतले आणि तहसीलला दिला. तलाठ्यानं येऊन पंचनामा केला, म्हणजे पाच जणांसमोर पाहणी करून लिहून घेतलं. रविवारी टँकर आला. शेवंताबाई घागर न्यायला टपरीवर आल्या. “आता येक डाव दोन्हीकडचं वाचून दाखव,” म्हणाल्या. मी रेघेच्या दोन्ही बाजू वाचल्या.

एजन्सी मात्र गेली. नवा एजंट रस्त्यापलीकडे बसला. मी टपरीत वह्या, पेन विकायला लागलो, पण फळा काढला नाही. मधली रेघही तशीच राहिली. दुसऱ्या बाजूला विचारून येईपर्यंत तो अर्धा भाग मी कोरा ठेवायचो. लोक पलीकडून पेपर घ्यायचे, रस्ता ओलांडायचे आणि फळ्यासमोर उभे राहून विचारायचे, “यातलं खरं किती?” तोच पेपर, जो मी बारा वर्षं विकला होता. मला वाईट वाटायचं आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

दोन वर्षांनी साहेबांचा फोन आला. तुमच्या गावात खप बसलाय, एजन्सी परत घ्या. मी म्हटलं, तो खुलासा छापा, दुसऱ्या दिवशी गठ्ठा उतरवून घेतो. ते म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीचा कसला खुलासा? मी फोन ठेवला.

खुलासा आजवर छापून आलेला नाही. नवी पोरं बातमीदारी कशी करावी विचारायला येतात. त्यांना मी एवढंच सांगतो, कार्यक्रम पाचचा असेल तर बातमी सहाला लिहा. तीनची गाडी जाऊ द्या.