मथळ्यात न मावलेले उंदीर

फौजदार हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण नव्या देशातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे तोंडावर त्याला तेच म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते छापण्यासारखं नाही. मायदेशी तो कोर्टाच्या आणि खुनांच्या बातम्या करी. एका बड्या धेंडाचं नाव छापलं आणि तिथं राहणं अशक्य झालं, म्हणून बायकोला घेऊन इकडे आला. इथल्या संपादकानं त्याच्या हाती विज्ञानाचं पान दिलं.

"ते कुणी वाचत नाही," संपादक म्हणाला. "तुमच्या भाषेच्या चुका खपून जातील."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच रागानं तो विज्ञान शिकला. शास्त्रज्ञांना आरोपीसारखं धारेवर धरायचा. "स्वतः पाहिलंत? किती जणांवर? उलटं घडलं ते कुठं लपवलंत?" एक प्राध्यापक तर चक्क रडला, प्राध्यापकाच्या बायकोनंच ते गावभर केलं.

अखेर त्याची बातमी पहिल्या पानावर आली. मथळा होता, 'कंपवातावर औषध सापडलं'.

पानाचा फोटो त्यानं हौसेनं मायदेशी थोरल्या भावाला पाठवला. दुसऱ्याच दिवशी भावाचा फोन. "मानलं तुला! हिच्या गोळ्या कालपासून बंद केल्या. मळमळायचं रे तिला. नवं औषध कधी पाठवतोस?"

"दादा, ते उंदरांना दिलंय! माणसांना नाही!"

"मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलंय! सहाव्या परिच्छेदात!"

"तिथपर्यंत कोण वाचतं? तुझी बायको वाचते?"

बायको शेजारीच होती. ती एकदम खिडकीबाहेर बघू लागली.

"वहिनींना आत्ताच्या आत्ता गोळी दे!" तो ओरडला. त्या गोळ्या अशा एकाएकी तोडल्या की माणूस लाकडासारखं ताठतं, जिवावरही बेततं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वहिनीनं फोन हिसकावला. "ओरडू नका, भावोजी. कालचं छापलेलं खोटं, की आजचं तोंडी? छापून आणा, मग घेईन गोळी."

तो थेट संपादकाच्या खोलीत घुसला. "उंदीर कुणी गाळले?"

"मथळ्यात मावेनात. आणि तुम्हाला दाखवला होता की. मान डोलावलीत तुम्ही."

डोलावली होती. पहिल्या पानावर स्वतःचं नाव बघून हुरळला होता. आता राग कुणावर काढायचा?

"हो, डोलावली! गाढव होतो! आता दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत."

"आतल्या पानावर दोन ओळी देतो."

"मग तुमच्या स्पर्धक पेपरात मी छापतो. काय गाळलंत त्यासकट."

संपादकाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "स्वतःची अब्रू घालवाल, फौजदार."

"माझी आहे. मी बघतो."

सकाळी पहिल्या पानावर त्याच्या नावानिशी आलं: 'औषध फक्त उंदरांवर तपासलं, चूक माझी'. त्यानंतर त्या पेपरात त्याला धड जागा मिळाली नाही. मग तो पुस्तकांकडे वळला, आणि प्रयोग कुणावर झाला हे पहिल्याच वाक्यात लिहू लागला. प्रकाशक कुरकुरत. कुरकुरू देत.

पण ते पुढचं. त्या सकाळी त्यानं पानाचा फोटो दादाला पाठवला आणि फोन लावला. वहिनीनं शब्द न् शब्द मोठ्यानं वाचला. मग पाण्याचा घोट ऐकू आला.

"घेतली. पण आता मळमळलं की तुम्हालाच शिव्या घालणार, भावोजी."

"घाला, वहिनी. हव्या तेवढ्या."

दुपारपर्यंत तिनं त्या घातल्याही, अगदी वेचून वेचून.