विमानाची शेपटी आणि जेवणाचं टेबल

मी कर्जतला नोकरी करते आणि शनिवारी मोहोपाड्याला घरी येते. गेल्या हिवाळ्यात अशीच आले, तर जेवणाच्या टेबलावर विमान होतं आणि आई सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"धावपट्टी रिकामी झाली की टेबलावर बसू," ती म्हणाली.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाल्सा लाकडाची विमानं करतात. लाकूड खारी बिस्किटासारखं हलकं. पुढचा पंखा रबर पिळून फिरवायचा. आधीची दोन्ही विमानं हातातून सुटताच डावीकडे वळली आणि गोल फिरून बाबांच्याच पायाशी पडली. बाबांनी दोन्ही वेळा वाऱ्याला दोष दिला. त्यांचे शिफ्टमधले मित्र मात्र भेटले की विचारतात, "काय रं, तुझं पाळीव विमान काय म्हणतंय?"

या मित्रांना बाबांनी रविवारी लोधिवलीच्या शेतात बोलावून ठेवलं होतं. हेही वळलं तर बाबा पुन्हा विमान करणार नव्हते. तसं बोलले नव्हते. पण उरलेलं लाकूड सुतळीने बांधून माळ्यावर टाकलेलं मला दिसलं.

शेपटी तेवढी बसवायची होती. बाबांनी नाकाशी टाचणी टोचली, तिला दोरा बांधला आणि तो आडव्या शेपटीच्या एका टोकापर्यंत ताणला, मग दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्हीकडे सारखा भरला. मग गोंद लावला आणि शेपटीवर सपाटी बघायची बोटाएवढी लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत शेपटी हलवली आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

"मागून बघ गं. सरळ आहे ना?"

मी मागे जाऊन वाकले. शेपटी आणि पंख एकमेकांना समांतर दिसत नव्हते. आमच्या घरात बाबांच्या हातात अवजार असताना कुणी मत देत नाही. मी तर एरवीही देत नाही.

"अं... पंखांशी जुळत नाहीये."

"बुडबुडा बघ. कुठे आहे?"

"मध्ये."

"मग?"

सोफ्यावरून आई म्हणाली, "एवढं इंग्लिश मीडियमला घातलं, पण कुठल्याच मीडियममध्ये तोंड उघडत नाही ही."

गोंद वाळत चालला होता. मी पुन्हा वाकून पाहिलं. या टेबलावर आम्ही इतकी वर्षं जेवतोय. जमीन बाल्कनीकडे उतरती आहे आणि टेबलही तसंच. ताटातली आमटी बाल्कनीकडे पळते, म्हणून आम्ही सगळे त्या बाजूला भाताचा बांध घालतो. पाहुणे आले की त्यांना वाटतं, ही आमच्याकडची वाढायची पद्धत आहे.

"बाबा," मी म्हणाले, "विमान आपल्या टेबलावर आहे."

"मग काय आकाशात असणार?"

"पंख टेबलाबरोबर कललेत. तुम्ही शेपटी एकटीच सरळ केलीत."

बाबांनी बुडबुड्याकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"पाणी दे तिला," बाबा म्हणाले, "आणि येताना पुठ्ठा आण."

मी येईपर्यंत त्यांनी शेपटी उचकटली होती. पुठ्ठ्याच्या घड्या विमानाच्या बाल्कनीकडच्या चाकाखाली सरकवत आधी पंख लेव्हलमध्ये आणले. मग पुन्हा गोंद. या वेळी मागे बाबा वाकले आणि शेपटी माझ्या हातात होती.

"जरा खाली. आणखी. अगं, श्वास घे, मोडत नाही ते."

रविवारी सकाळी, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मित्र आधीच येऊन उभे होते. एकाने तर पाय मागे घेतले, "सांभाळा रं, इथंच पडतंय ते." बाबांनी रबर पिळलं आणि हात सोडला. विमान उठलं आणि सरळ गेलं. बांध ओलांडला, पुढचं शेत ओलांडलं.

"अरं, वळत नाय हे!"

"आता आणायचं कुणी?"

हा विचार कुणीच केलेला नव्हता. आधीची दोन्ही आपणहून परत आली होती. मित्रांनी पँटी वर खोचल्या आणि खुंटांतून पळत सुटले. बाबा मात्र डोळ्यांवर हात धरून तिथेच उभे.

"बाबा, पळा ना!" मी ओरडले. चांगली मोठ्याने.

"थांब गं," ते म्हणाले, "बघू तर दे."