स्पेसबारवरचा डाग

दुरुस्तीला दिलेल्या वस्तूसमोरून आपण हलत नाही. आतले चांगले भाग गुपचूप बदलले जातील, ही धास्ती असते. दिवंगत दादाचा, कीबोर्डच्या पोटातच सगळं असलेला, टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर घेऊन मीही सावंतांच्या दुकानात त्यांच्या टेबलाशी अशीच बसले होते. तो तापला की बंद पडायचा.

सावंतांनी एकेका चिपवर बोट टेकवलं. एकीने चटका दिला.

"हीच ती. बदलतो."

"जुनी मला परत द्या."

"देतो हो ताई. ठेवून घेऊन काय तिची भाजी करू?"

मला हसू आलं नाही. माणूस गेला की त्याचे कपडे, चष्मा, चपला घरचेच हळूहळू कुठे कुठे पोचवून येतात, तेही चांगल्या मनाने. तेव्हापासून मला मदतीला आलेल्या हाताचाच जास्त संशय येतो.

नवी चिप बसली. पडद्यावर अक्षरं उमटली आणि बराच वेळ टिकली. खूश होऊन सावंतांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. स्पेसबारवर, जिथे दादाचा अंगठा पडायचा, तिथे काळपट डाग होता.

"थांबा, चकाचक करून देतो."

मी त्यांचं मनगट धरलं. आता संशयाने बघायची पाळी त्यांची होती. मी हात सोडला नाही.