मागच्या काचेचा टेलर

गाडी दुकानासमोर लागली की टेलर आधी तिच्या मागे जायचा. मालकाला नमस्कार नाही, फिल्मचे नमुने दाखवणं नाही. डोळे मिटून तो मागच्या काचेवरून तळहात फिरवायचा, वरून खाली आणि मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सावकाश. मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेला माणूस. "मागची काच म्हंजी मेंढीची पाठ," असं म्हणायचा. "दोन्हीकडनं उतरती. कुठं किती उतरती ते डोळ्याला नाय कळत, हाताला कळतं." नवी कोरी गाडी घेऊन आलेला मालक हे चाचपणं बघून जरा बावरून जायचा. मग टेलर डोळे उघडून निकाल द्यायचा, "बसंल. एका तुकड्यात बसंल."

खरं म्हणजे त्याने आयुष्यात सदऱ्याला बटणसुद्धा लावलं नसेल. पण औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात आणि आजूबाजूच्या गॅरेजांमध्ये त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. माझं दुकान गाड्यांच्या सजावटीचं: सीटकव्हर, मॅट, टेप आणि काचांना लावायची, उन्हाचा ताप अडवणारी नियमात बसेल अशी फिकट फिल्म. बाजूच्या काचा जवळजवळ सपाट असतात, त्यांना फिल्म कोणीही लावतो. मागची काच मात्र सगळीकडून बाकदार, आणि फिल्म सपाट कागदासारखी. ती तशीच ठेवली तर वर-खाली चुण्या उभ्या राहतात. टेलर फिल्म आधी काचेवर बाहेरून अंथरायचा, हीट गनची गरम हवा देत एकेक चुणी आटवायचा आणि रबरी पट्टीने दाबत जायचा. फिल्मला काचेचा बाक आला की तीच उचलून आतून चिकटवायची. बाजारातले मेकॅनिक त्याला हाक मारायचे, "ओ टेलर, मेरी गाडी कू भी एक कुर्ता सिलाव!" टेलर मान न वळवता म्हणायचा, "पहले गाडी कू नहलाव. मळक्या अंगाचं माप मी घेत नसतो."

त्याला नम्र वगैरे म्हणता येणार नाही. चांगलाच बढाईखोर होता. इतर कारागीर मागच्या काचेवर फिल्मच्या दोन-तीन पट्ट्या लावून मोकळे होत. काचेतल्या बारीक तारांच्या रेषेवर जोड लपून जायचा. टेलरला जोड हा शब्द सहन होत नसे. एकदा वरातीची गाडी आली, मुलाकडचे घायकुतीला आलेले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "तुकडे जोडून लावा हो, कोण बघतंय?" टेलरने हीट गन खाली ठेवली. "मामा, गोधडी पायजे का तुम्हाला? गोधडी आमच्या घरची मंडळी लई चांगली शिवती. दौलताबादला या, देतो एक आंदण." सगळे हसले, मामाही हसला, आणि वरात थांबली.

दुसरी त्याची चीड म्हणजे बारीक तूस. फिल्मखाली एक कण गेला तरी तो कायमचा दिसत राहतो. म्हणून आतून फिल्म चिकटवायची वेळ आली की तो शेडचा पंखा बंद करायचा, शटर अर्धं ओढून घ्यायचा. वैशाखातलं आमच्या शहरातलं ऊन, वर पत्रे, आणि पंखा बंद. मालक लोक घामाघूम होऊन बाहेर पळायचे. थंडीत लोकरीचे कपडे घातलेल्याला तर तो गाडीजवळ फिरकू द्यायचा नाही. स्वतः बनियनवर कुडकुडत काम करायचा. एकदा मीच स्वेटर घालून आत डोकावलो तर ओरडला, "शेठ, मेंढरं बाहीर ठिवून या!"

आणि त्याच्या अंगाला लहान बाळाचा वास यायचा. काचेवर फिल्म सहज सरकावी म्हणून तो आधी बेबी पावडर भुरभुरायचा, काचेवर फवारायच्या पाण्यातही बाळाचाच शाम्पू. त्याची बायको कौसाबाई एकदा दुकानात आली तेव्हा म्हणाली होती, "लेकी नांदायला गेल्या तरी घरात बाळाचा वास हायेच, शेठ. आजा झाला, पर वास जाईना."

इथपर्यंत लिहिताना मजा वाटली. पुढचं लिहायला मी फार वर्षं लावली.

जालना रोडला मोठी दुकानं झाली आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली. त्याच सुमारास एक जण हलकी फिल्म घेऊन आला. दिसायला हुबेहूब, हातात घेतली तरी फरक कळू नये अशी. मी ती घेतली. आम्ही नेहमी वापरत होतो त्या चांगल्या फिल्मच्या रिकाम्या नळ्या दुकानात पडलेल्या होत्या. नवी फिल्म मी रविवारी एकटा बसून त्या नळ्यांवर गुंडाळली. खऱ्या फिल्मचा एक रोल उरला होता, तो वरच्या फळीवर ठेवून दिला. टेलरला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ती हातात धरली नसती.

गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. टेलरच्या हाताला कळला. चुणी आटवता आटवता तो थांबला आणि मला म्हणाला, "शेठ, ही फिल्म हट्टी झालीया, का माझा हात?"

"फिल्म तीच आहे," मी म्हणालो.

त्याने नळीवरचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. शंका घ्यायला दोघंच होते, मी आणि त्याचा हात. त्याने हातावर घेतली.

त्याच दिवसांत माझ्या स्वतःच्या गाडीला फिल्म लावायची होती. स्वतःच्या गाडीला हलका माल कोण लावतो? मी वरच्या फळीवरचा रोल काढून दिला. मागची काच टेलरने नेहमीसारखी आधी हाताने वाचली, मग फिल्म बसवायला घेतली. काम होईपर्यंत गुणगुणत होता. रबरी पट्टी शेवटची फिरवून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "लोण्यावाणी बसली, शेठ! आज हात बरा चाललाय." मी चहा सांगितला. तेवढंच केलं मी, चहा सांगितला.

उन्हाळा तापला आणि गाड्या परत यायला लागल्या. बाजूच्या सपाट काचा ठीक होत्या. हलक्या फिल्मचा डिंक सपाट जागी तग धरायचा. बाकावर मात्र ताणलेली फिल्म उन्हात मागे खेचायची आणि डिंक सुटायचा. मागच्या काचेवर पुऱ्या फुगाव्यात तसे फुगे, आणि रंगही जांभळट.

गारखेड्याचे एक कंत्राटदार संतापून आले. दुकानात आजूबाजूचे तीन दुकानदार चहाला बसलेले. कंत्राटदार सगळ्यांदेखत म्हणाले, "बाजूच्या काचा तुमच्या पोरांनी लावल्या, त्या बघा कशा आहेत. आणि तुमच्या नावाजलेल्या टेलरने मागची लावली, तिचं हे असं! फिल्म एकच ना? मग गडबड कुठं आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं असतं तर दुकान बसलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी म्हणालो, "वय झालंय हो आता टेलरचं. हात पहिल्यासारखा राहिला नाही."

टेलर शेडच्या दारात उभा होता. हातात पाणी फवारायचा पंप. त्याने ऐकलं. इतक्या वर्षांत एकाही गॅरेजवाल्याचा टोमणा त्याने परत केल्याशिवाय सोडला नव्हता.  त्या दिवशी त्याने नुसता पंप डाव्या हातात घेतला आणि उजवा तळहात उलटासुलटा करून पाहिला, जणू हात आपला नसून कुणी ठेवायला दिलेला आहे. मग कंत्राटदारांना म्हणाला, "साहेब, बसा. काढून पुन्हा लावून देतो."

पुन्हा लावली. त्याच रोलमधून.

माझं ते वाक्य चहाच्या पेल्यांबरोबर बाजारभर फिरलं. "टेलर, चष्मा कब बदल रहे?" असं कोणी तरी विचारायचं आणि टेलर हसल्यासारखं करायचा. इतर दुकानं अडलेल्या गाड्यांसाठी त्याला बोलवत, ती बोलवेनाशी झाली. आणि याहून वाईट झालं ते म्हणजे त्याचा हात खरंच बिचकायला लागला. पूर्वी एका दमात पट्टी ओढणारा माणूस मध्येच थांबायचा, मागे जायचा, पुन्हा दाबायचा. डोळे मिटून काच चाचपणं तर त्याने सोडूनच दिलं. एकदा फिल्म लावायच्या आधी मला विचारत होता, "जोड देऊ का शेठ? जोडात बसंल." त्याच्या तोंडून जोड हा शब्द ऐकूनही मी त्याच्या हातात तोच हलका रोल दिला.

दिवाळीनंतर त्याने काम सोडलं. कोणावर राग नाही, भांडण नाही. जाताना एकच मागितलं. "एखादा उरलेला रोल द्या, शेठ. घरी हात बसवून बघतो. बसला तर येतो माघारी."

वरच्या फळीवर खरा रोल अजून निम्मा शिल्लक होता. माझा हात खालच्या फळीकडे गेला. त्यात कावा नव्हता, हे कोणी मानणार नाही, पण खरं आहे. रोज ज्या फळीवरून काढायचो तिथूनच काढला, आणि वरून स्वतःला उदारही समजलो. रोल बगलेत धरून टेलर औरंगपुऱ्याच्या गर्दीतून रिक्षाकडे गेला. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

मी वाट पाहिली नाही. उलट तो आला नाही याचं बरंच वाटलं. पुढे मीही दुकान पुतण्याकडे सोपवून घरी बसलो. काही वर्षांनी एका जुन्या मेकॅनिककडून टेलर गेल्याचं कळलं, तेही वेगळ्याच गोष्टीच्या ओघात. त्यानंतर मला घरात बसवेना. एका सकाळी दौलताबादला गेलो.

कौसाबाई जांब, म्हणजे पेरू, विकायला पाटी घेऊन किल्ल्याकडे निघायच्या तयारीत होती. मला बघून तिने पाटी खाली ठेवली, पाणी दिलं. अंगणाच्या कडेला मिरचीची रोपं लावलेली होती, आणि त्यांच्यावर ऊन-वाऱ्याचा आडोसा म्हणून विटांवर एक काच पालथी घातलेली. मोटारीची मागची काच. आतून फिल्म लावलेली. जांभळी पडलेली, फुग्यांनी भरलेली. फिल्म एकाच तुकड्यात होती, कुठेही जोड नव्हता.

"भंगारातनं आणली होती," कौसाबाई म्हणाली. "काम सुटल्यावर हाच धंदा. फिल्म लावायची, उन्हात ठिवायची आन् राखण करीत बसायचं. ऊन तापलं की फुगायची. मंग काढायची, धुवायची, पुन्हा लावायची. तुम्ही दिलेली नळी पार संपवली बघा. शेवटाला म्हणले, शेठ खोटं बोलत नव्हते कौसे, हात गेलाच."

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. फिल्म, नळ्या, कंत्राटदार, वरची फळी, खालची फळी. ती ऐकत होती आणि पाटीतले जांब उगाच वर-खाली करत होती. 

मग म्हणाली, "मला काय सांगता, शेठ? मी कुठं म्हणत होते हात गेला म्हणून? मी बघत नव्हते का? लुगड्याची घडी मोडावी तशी चुणी मोडत होते, मरस्तोवर. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांच्या म्होरं बोला जावा."

पाटी डोक्यावर घेऊन ती किल्ल्याच्या रस्त्याला लागली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी तिचं ऐकलं. त्या दिवशी चहाला बसलेल्यांपैकी एक जण आता हयात नाही. एक मुलाकडे परगावी गेला. तिसऱ्याला गाठून सांगितलं तर तो आठवत राहिला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो. कोण, तो पावडरचा वास यायचा तो का?" कंत्राटदारांनी ती गाडी कधीच विकली होती, ते म्हणाले, "अहो, गाड्यांचं चालायचंच." ज्या वाक्याने एक माणूस उभा मोडला, ते वाक्य कोणाच्या लक्षातही नव्हतं. खोटं सगळ्यांनी ऐकलं, खरं ऐकायला कोणाला सवड नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो. फिल्म खोटी होती. मी खोटं बोललो होतो. टेलरचा हात शेवटपर्यंत जसाच्या तसा होता.

आणि नुसत्या माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा, असा मी राहिलेलो नाही. गारखेड्यात माझ्या दारात माझी स्वतःची ती जुनी गाडी, वरच्या फळीवरची खरी फिल्म लावलेली, अजून उभी आहे. बॅटरी उतरली आहे, टायर बसले आहेत, पोरं म्हणतात विकून टाका. मी विकत नाही. इतके उन्हाळे तिने उघड्यावर काढले. ज्या दिवसांतल्या कामावरून टेलरचा हात गेला असं मी म्हणालो, त्याच दिवसांत त्याने तिची मागची काच केली आहे. त्याला ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर त्याने यावं. मागच्या सीटवर बसावं, डोळे मिटावेत आणि काचेवरून आतून तळहात फिरवावा, वरून खाली, मग या कडेपासून त्या कडेपर्यंत.

हाताला कुठेही काही लागणार नाही.